वर्गणीदारांची वही

वर्तमानपत्रांचा इतिहास सांगणारे लोक बहुधा संपादकाच्या अग्रलेखापासून आरंभ करतात. कोणी कोणावर टीका केली, कोणाला तुरुंग झाला, कोणाच्या लेखणीला सरकार भ्याले, हे सारे त्यात येते. मी विद्वान नव्हे. इंझोरीच्या शाळेतून निघालो तो थेट जिनिंगच्या गेटावर पोचलो, आणि पुढे जे काही वाचले ते कारंज्यात संध्याकाळी, डोक्यात कापसाचे तंतू अडकलेले असताना वाचले. तीस वर्षांच्या युनियनच्या कामात मला एक खोड लागली आहे. कोणतीही चळवळ समोर आली की प्रथम तिची पावतीपुस्तके पाहायची. तेव्हा एकट्यादुकट्याने चालवलेल्या मराठी पत्रांची हकीकत मी आज वर्गणीदारांच्या वहीपासून सांगणार आहे, आणि ती सांगता सांगता आजच्या संकेतस्थळांपर्यंत येणार आहे.

हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगतो. आठ-दहा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या बांधकाम मजुरांसाठी आणि जिनिंगच्या कामगारांसाठी मी एका मोठ्या कंपनीच्या समाजमाध्यमावर एक पान काढले. कंपनीचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला कोणते कागद लागतात, नव्वद दिवस काम केल्याचा दाखला कोण देतो, किमान वेतनाचा दर काय झाला, ठेकेदाराने हजेरी मांडली नाही तर अर्ज कोठे करायचा, असे साधे साधे लिहीत गेलो. पैसा लागला नाही. बघता बघता चौदाशे माणसे त्या पानाशी जोडली गेली. मला अभिमान वाटू लागला, हे कबूल करतो. आमच्या युनियनच्या वहीत तेव्हा तीनशे बारा नावे होती, आणि येथे चौदाशे!

मग एका संपाच्या दिवसांत, सकाळी उठून पाहतो तो पान नाहीसे. नियमभंग झाला, एवढेच कळवले होते. कोणता नियम, कोणत्या मजकुराने भंग झाला, याचा खुलासा नाही. उत्तर लिहिले तर यंत्राने तेच वाक्य परत पाठवले. गेटावर एक मजूर मला म्हणाला, "भाऊ, तुमचं पान दिसून नाही राह्यलं." मी त्याला काय सांगणार? चौदाशे माणसांपैकी एकाचाही पत्ता माझ्याजवळ नव्हता. नावे कंपनीजवळ, पत्ते कंपनीजवळ, मी लिहिलेला मजकूरही कंपनीजवळ. लोखंडी कपाटातली वही मात्र होती तशी होती. तीनशे बारा नावे, गावे, आणि पावतीचे आकडे.

त्या पावसाळ्यात मी जुन्या पत्रांचा इतिहास पुन्हा वाचायला काढला.

मराठीत पत्र निघाले ते १८३२ साली, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण'. त्याची थोरवी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. मला थांबायचे आहे १ जानेवारी १८७७ या दिवशी. त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' हे साप्ताहिक काढले. कापड गिरणी आणि कष्टकऱ्यांचे पत्र एकाच दिवशी जन्माला यावे हा निव्वळ योगायोग आहे. त्यात अधिक अर्थ शोधू नये. पण आम्हां वऱ्हाडातल्या कापसाच्या माणसांना ही तारीख विसरता येत नाही.

भालेकर हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींपैकी. पत्र काढायला त्यांच्यामागे संस्थान नव्हते, सावकार नव्हता, शाळाखात्याचा आश्रय नव्हता. ज्यांच्यासाठी पत्र काढले त्या शेतकरी-कामकऱ्यांत वाचता येणारे थोडे, आणि वाचता येणाऱ्यांत वर्गणी देण्याची ऐपत असलेले त्याहून थोडे. दुसऱ्याच वर्षी, १८७८ साली, देशी भाषांतील पत्रांवर सरकारने निराळा कायदा लादला. तो १८८२ पर्यंत राहिला. पण 'दीनबंधु'ला कायद्यापेक्षा जमाखर्चाने अधिक छळले असे मला वाटते. तीन वर्षांत भालेकर तोट्याने टेकीस आले.

येथे पोस्टखात्याविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण इतिहासकार त्याला सहसा विचारीत नाहीत. ज्या १८७७ साली 'दीनबंधु' निघाले त्याच साली आपल्याकडे व्ही. पी. ची सोय सुरू झाली. म्हणजे माल पोस्टमनने द्यायचा आणि पैसे त्यानेच घेऊन पाठवणाऱ्याला पोचवायचे. १८७९ साली पोस्टकार्ड आले, १८८० साली मनिऑर्डर आली. आज ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतील. पण विचार करा, त्याआधी एखाद्या लांबच्या खेड्यातल्या माणसाला पुण्याच्या पत्राची वर्गणी पाठवायची तर ती कोणाच्या हाती द्यायची? जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्याच्या, नातेवाइकाच्या. ती पोचलीच तर पोचली. पोस्टकार्ड आणि मनिऑर्डर आल्यावर संपादक आणि खेड्यातला वाचक यांच्यामधला माणूस गळाला. संपादकाच्या वहीत नाव चढले, पत्ता चढला, पैसे थेट आले. गरिबांचे पत्र निघणे शक्य झाले त्यात लेखणीइतकाच ह्या खाकी पिशवीचा वाटा आहे.

१८८० साली 'दीनबंधु' मुंबईस गेले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती आले. लोखंडे गिरणीत भांडारावर काम केलेला माणूस. त्यांना वाचक शोधायला लांब जावे लागले नाही. ते परळच्या चाळींतून राहत होते. पण हा वाचक एकटा वाचीत नसे. एकजण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. पत्राची एक प्रत किती कानांपर्यंत गेली याचा हिशेब वर्गणीच्या वहीत मिळत नाही, तो दुसरीकडे मिळतो. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघात झाल्यास भरपाई, ह्या त्यातल्या मागण्या. पत्रात लिहून सह्या होत नाहीत. कागद घेऊन चाळीचाळीतून फिरावे लागते. लोखंडे लिहीतही होते आणि फिरतही होते. १८९० साली त्यांनी मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली, त्याच साली महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, आणि जून महिन्यात मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवारी सकाळी ज्या निवांतपणे चहा घेतो त्यामागे हे आहे.

लोखंड्यांची मी भक्ती करतो, तरी एक उणी गोष्ट लपवणे बरे नाही. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा त्याची पहिली प्रकरणे 'दीनबंधु'त आली, आणि पुढची छापण्याचे लोखंड्यांनी टाळले. जोतीराव त्यावर रागावले आणि तो राग त्यांनी झाकून ठेवला नाही. पत्र आपले, वर्गणीदार आपले, तरी हात आखडला. का आखडला असेल हे मला समजते. पत्र बुडाले तर कामगारांचे एकमेव साधन जाईल ही भीती खोटी नसते. संपाच्या काळात पत्रक लिहिताना मीही दोन वाक्ये खोडली आहेत. पण खोडली, हे ध्यानात ठेवतो. १८९७ च्या प्लेगात लोखंडे वारले. 'दीनबंधु' पुढे वासुदेवराव बिर्ज्यांनी चालवले, आणि त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे संपादक झाल्या. एका बाईने पतीच्या मागे साप्ताहिक सांभाळावे, तेही सत्यशोधकांचे, आणि तेही त्या काळी! आपल्या पाठ्यपुस्तकांतून तानूबाईंचे नाव मला कधी भेटले नाही.

आता मुंबई-पुणे सोडून खेड्यात येऊ, कारण माझ्या विषयाचा गाभा तेथे आहे.

भालेकर १९१० साली वारले. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव दत्तक गेले होते आणि पाटील हे नाव लावीत होते. त्याच १९१० च्या नोव्हेंबरात, २३ तारखेस, मुकुंदरावांनी 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केले. ते नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, सोमठाणे गावातून; पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीस नेले. पुणे नाही, मुंबई नाही, जिल्ह्याचे ठिकाणसुद्धा नाही. वर्ष कोणते, तर ज्या वर्षी सरकारने छापखान्यांकडून जामीन मागण्याचा कायदा केला ते. व्यवहारी माणसाने त्या वर्षी पत्र बंद केले असते; मुकुंदरावांनी सुरू केले, आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत, सत्तावन्न वर्षे, ते चालवले.

सत्तावन्न वर्षे! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छापण्यात चूक असावी असे वाटले. मोठ्या शहरांतली, मोठ्या भांडवलाची किती पत्रे एवढी जगली? बापाचे पत्र पुण्यात तीन वर्षांत हातचे गेले आणि मुलाचे खेड्यात अर्धशतकाहून अधिक टिकले, याचे कारण काय असावे यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मुकुंदरावांची लेखणी तिखट होती, हे एक कारण खरेच. त्यांचे 'कुलकर्णी लीलामृत' १९१३ चे. खेड्यातला कारभारी अडाणी कुणब्याला कागदात कसा गुंतवतो याची त्यात ओवीबद्ध टिंगल आहे, आणि ज्याला कुलकर्ण्याने नाडले त्याला ती समजायला टीप लागत नव्हती. पण तिखट लेखणीची माणसे मराठीत कधीच कमी नव्हती. तिखट लिहून दोन वर्षांत दुकान बंद केलेले संपादक पैशाला पासरी मिळतील.

मला दुसरी दोन कारणे दिसतात. एक, छापखाना गावात आणला. खिळे, शाई, कागद सारे बाहेरून आणावे लागले असेल, पण यंत्र आपल्या छपराखाली होते. शहरातल्या छापखानेवाल्याने उधारी थकली म्हणून अंक अडवून धरावा, किंवा मजकूर पाहून 'हे आम्ही छापणार नाही' म्हणावे, ही सोय राहिली नाही. दुसरे, वाचक कोण हे संपादकाला माहीत होते. खेड्यातले पत्र खेड्यांत जात होते. सत्यशोधकांचे जलसे ज्या गावांतून होत, सभा ज्या गावांतून भरत, तीच गावे पत्राची. वाचकाची विहीर, त्याचा सावकार, त्याच्या गावचा तलाठी, हे सारे संपादकाच्या ओळखीचे. असे पत्र घेणारा माणूस वर्गणी थकवतो, पण पत्र सोडीत नाही. युनियनच्या सभासदाचेही असेच असते. तो चार महिने पैसे देत नाही आणि पाचव्या महिन्यात सगळे एकदम आणून टाकतो.

आमच्या विदर्भातही असा एक माणूस होऊन गेला आणि आपण त्याला पुरेसे ओळखत नाही. किसन फागुजी बनसोडे. नागपूरजवळच्या मोहप्याचे. त्यांनी स्वतःचा छापखाना घातला, १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक' काढले, १९१८ ते १९२२ 'मजूर पत्रिका' चालवली. ज्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते त्या समाजातला माणूस छापखान्याचे खिळे जुळवून आपले म्हणणे आपण छापतो, यात केवढी गोष्ट आहे! ही पत्रे फार वर्षे जगली नाहीत. त्यांच्या वर्गणीदारांत गिरणीकामगार आणि मजूर. पगार झाला तर वर्गणी, संप झाला तर नाही.

डॉ. आंबेडकरांच्या पत्रांची हकीकत मी थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण आजच्या विषयाला तिच्यावाचून पुरेपणा येणार नाही. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. नवे पत्र निघाले हे लोकांना कळावे म्हणून 'केसरी'कडे जाहिरात पाठवली, पैसे देऊ केले, तरी जाहिरात घेतली गेली नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना मी हा प्रसंग नेहमी सांगतो. लिहिणे आपल्या हाती असते. लिहिले आहे हे लोकांना कळवण्याचा रस्ता दुसऱ्याच्या अंगणातून जात असेल, तर तो दार लावून घेऊ शकतो. पैसे रोख मोजले तरी लावून घेऊ शकतो. बाबासाहेब शिक्षणासाठी विलायतेस गेले आणि 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडले. मग ३ एप्रिल १९२७ पासून 'बहिष्कृत भारत'. त्याचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरून काढावे लागत. मोबदला काही नाही. १९२८ सालच्या एका लेखात त्यांनी हे वाचकांपुढे स्पष्ट मांडले आणि विचारले की हे ऋण तुमच्यावर आहे की नाही. बॅरिस्टर झालेल्या, दोन विद्यापीठांच्या मोठ्या पदव्या घेतलेल्या माणसाला वर्गणीसाठी असे लिहावे लागले. तरी १९२९ च्या नोव्हेंबरात ते पत्रही थांबले. पुढच्या वर्षी 'जनता' निघाली आणि ती दीर्घकाळ चालली, कारण तोवर पत्रामागे संघटना उभी राहिली होती.

आता संगणकाच्या काळात येतो. १९९६ च्या गणेश चतुर्थीला परदेशातल्या मराठी माणसांनी 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू केले. त्या दिवसांत मराठी अक्षर पडद्यावर दिसणे हेच मोठे संकट होते. प्रत्येकाचा टंक निराळा. तो आपल्या यंत्रात नसला की मजकुराच्या जागी चौकोन नि भलतीच चिन्हे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते, पण ते घरोघरच्या यंत्रांत उतरायला पुढची दहा-बारा वर्षे गेली. ते उतरल्यावर मात्र मराठीत एकट्याने लिहिणाऱ्यांची रांग लागली. शिक्षक, डॉक्टर, बँकेतले कारकून, घरी असलेल्या बाया. खिळे नकोत, कागद नको, पोस्टाचे तिकीट नको, जामीन नको. भालेकरांना हे सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

पण ज्या जागेवर ही घरे बांधली ती जागा कोणाची, हे फार थोड्यांनी पाहिले. 'जिओसिटीज'वर जगभरच्या लोकांनी फुकट पाने मांडली होती. मालकाने २००९ साली ती जागा मोडून टाकली. ऑर्कुटवर मराठी मंडळींचे केवढे मेळे भरत होते! ते २०१४ च्या सप्टेंबरात बंद झाले. नोटीस दिली होती, हे खरे. भाडेकरूला नोटीस देतातच. सरकारचा हातही दूर नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमाखाली २०१२ साली आपल्याच राज्यात, पालघरला, दोन तरुण मुलींना समाजमाध्यमावरच्या चार ओळींसाठी अटक झाली. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या मार्चमध्ये रद्द केले. १८७८, १९१० आणि हे, अशी ही माळ आहे, आणि तिला पुढे मणी लागणार नाहीत असे मी म्हणत नाही.

प्रचाराचेही तसेच. आज कोणाला वाचक हवे असतील तर त्याला सांगतात, शोधयंत्राला आवडेल असे मथळे दे, दिवसातून चार वेळा काहीतरी टाक, पैसे भरून पान पुढे सरकव. यातले काही मी करून पाहिले आहे. मथळा चढा दिला की माणसे येतात, आणि आली तशी जातात. पाचशे रुपये भरून मी एकदा जिनिंगच्या वेतनदराचा मजकूर पुढे ढकलला. तो कोणकोणत्या शहरांत दिसला याचा तक्ता मिळाला, त्यात कारंजाही नव्हते आणि मानोराही नव्हते.

पान गेल्यावर आम्ही डोमेन घेतले. आमच्या युनियनचे स्वतःचे नाव, वर्षाला हजार-बाराशे रुपयांत. मजकुराची एक प्रत दर महिन्याला उतरवून कपाटात ठेवतो. डोमेनसुद्धा भाड्याचेच असते, कोणी हुशार माणूस म्हणेल, आणि ते खरे आहे. पण घरमालकाने काढले तर सामान घेऊन दुसऱ्या घरी जाता येते, आणि पाहुण्यांना नवा पत्ता कळवता येतो. तो कळवता यावा म्हणून वही वाढवली. जुन्या वहीत नाव, गाव, पावती एवढेच रकाने होते. आता फोनचा रकाना आणि 'घरात वाचून कोण दाखवतो' असा एक रकाना घातला आहे. हा शेवटचा रकाना मला परळच्या चाळींवरून सुचला. नवा मजकूर चढला की वहीतल्या नंबरांवर दोन ओळींचा निरोप जातो. ज्यांच्याजवळ साधा फोन आहे त्यांच्यासाठी कागदावर छापून गेटावर, बाजाराच्या दिवशी, आणि पोहरादेवीच्या यात्रेत वाटतो. यात्रेत ऊसतोडीहून परतलेली माणसे भेटतात. सहा महिने कोणाचा पत्ता लागत नाही, तो तेथे लागतो.

चौदाशेंचे काय झाले, असे मला विचारतात. तीन वर्षांत त्यांतले सहाशे-साडेसहाशे पुन्हा मिळाले. एकेकाला हुडकून, तोंडओळखीने. बाकीचे कोठे आहेत मला माहीत नाही. ते वाचीत होते की नुसते अंगठा उमटवून पुढे जात होते, हेही आता कळायचे नाही. गेल्या कार्तिकात एक म्हातारी आली. जिनिंगमध्ये रेचे ओढून तिचे हात गेलेले. मुलाच्या फोनवर आमचा मजकूर ऐकला होता. तिला वर्गणी भरायची होती आणि पावती हवी होती. मी म्हटले, माय, संकेतस्थळाला वर्गणी लागत नाही. तिने पन्नासाची नोट टेबलावर ठेवली आणि पावतीवर नाव नीट लिहा म्हणाली. लिहिले. क्रमांक नऊशे एकोणतीस.

वहीची चारच पाने उरली आहेत. कारंज्याहून नवी आणली आहे. तिच्यावर रकाने आखायचे काम अजून व्हायचे आहे.